रेकी-मसाजसाठी लायबिलिटी इन्शुरन्स: रिसॉर्टवाले सर्टिफिकेट मागतायत, आणायचं कुठून?

शिरोडेकरीण

नमस्कार मंडळी. इथे गाडीच्या आणि मेडिक्लेमच्या धाग्यांवर जाणकार माणसं उत्तरं देताना दिसतात, म्हणून माझं जरा वेगळं त्रांगडं मांडते.

मी शिरोड्याला राहते, तालुका वेंगुर्ला. घराच्या पडवीला लागून एक खोली आहे, तिथे रेकी देते, म्हणजे अंगावर किंवा अंगाच्या वर हात धरून करतात तो उपचार. सोबत डोक्याचा, पाठीचा, पायांचा तेलमसाज, थोडी अरोमाथेरपी आणि थंडीत हॉट स्टोन. रेकीची मास्टर लेव्हल पुण्याच्या एका बाईंकडे केली, मसाजचा कोर्स गोव्यात. येतात त्या बहुतेक बायकाच. काजू फॅक्टरीत दिवसभर बसून मान धरलेल्या, लावणीनंतर कंबर गेलेल्या, मे महिन्यात मुंबईहून माहेरी आलेल्या. घाण्यावरचं खोबरेल, धुतलेली चादर, पाऊण तास, पाचशे रुपये. कोणाला जमत नसेल तर आगळाची बाटली किंवा एखादा कापा फणसही चालतो.

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या बाजूला रिसॉर्टं वाढली. त्यातल्या एकाने शनिवार-रविवार पाहुण्यांसाठी यायला सांगितलंय. पैसे बरे आहेत, जागा सुरूच्या बनाला लागून, मॅनेजरही सरळ माणूस. पण कागद आला मुंबई ऑफिसातून, इंग्रजीत, पानंच्या पानं. त्यात अट अशी की थेरपिस्टने स्वतःचा प्रोफेशनल लायबिलिटी आणि पब्लिक लायबिलिटी विमा आणायचा, किमान २५ लाखांचा, आणि पॉलिसीत रिसॉर्टचंही नाव हवं. परदेशी पाहुण्यांचं बुकिंग करणारे हे मागतात म्हणे.

मी आमच्या नेहमीच्या एजंटाकडे गेले. घरातल्या सगळ्या पॉलिस्या त्याच्याकडे. त्याने माझ्यापुढे वैयक्तिक अपघात विम्याचा फॉर्म सरकवला. मी म्हटलं, भाऊ, अपघात माझा नाही, समोरच्याचा. तर म्हणतो, "मग समोरच्याचा विमा तू कशाला भरतेस?" त्याला समजावता समजावता मलाच शंका यायला लागली. मग सावंतवाडीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर यादी उघडली. डॉक्टर, सीए, वकील, आर्किटेक्ट, इंजिनियर. "यातलं तुम्ही काय?" यातलं मी काहीच नाही.

खरं सांगायचं तर रिसॉर्टने कागद मागितला नसता तरी हा विषय माझ्या डोक्यात होता. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षिका यायच्या, झोप लागत नाही म्हणून. एकदा टेबलावरून उठताना त्यांना गरगरलं. भिंतीला धरून बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, सकाळची बीपीची गोळी घेतली ना? बाई हसून म्हणाल्या, "गोळी कशाला गो? तुझ्या हातातच औषध आहे. ती मी कधीच सोडली." माझ्या पोटात गोळा आला. रेकीने बीपी बरं होतं असं मी त्यांना कधी चुकूनही म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या मुलाला फोन लावला, रिक्षात घालून आरोग्य केंद्रात नेलं. वरचा आकडा १९० च्या पुढे होता. डॉक्टर माझ्याकडे जे बघत होते ते मी विसरणार नाही. बाई आता व्यवस्थित आहेत, गोळीही घेतात. पण त्या दिवशी काही बरंवाईट झालं असतं तर मुलाने धरलं असतं मलाच, आणि मी तसं बोलले नव्हते हे सिद्ध करायला माझ्याकडे कपटासुद्धा नव्हता.

तर असा विमा आपल्याकडे रेकीवालीला मिळतो का, मिळाला तर त्यात नक्की काय धरतात, आणि रिसॉर्टच्या त्या कागदावर सही करण्याआधी काय बघायचं, एवढं कोणी सांगेल का?

---

देवबागकार

गो ताई, ह्यां आता सगळीकडेच सुरू झाला हा. माझो होमस्टे असा देवबागाक. बोटवाले, स्कूबावाले, सगळ्यांकडे कागद मागतत. आमची पब्लिक लायबिलिटी असा, पण ती जागेची. पावणो अंगणात शेवाळावर घसरान पडलो तर ती. तुझ्या हातान कोणाक काय झाला तर ती पॉलिसी उभी रवाची नाय, असा आमच्या एजंटान साफ सांगलेला. तेव्हा दोन येगळे कागद मागतत ता बरोबरच असा.

---

निवृत्त_विमावाला

ताई, धाग्याचं शीर्षक बघून थांबलो. सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीत नोकरी गेली, शेवटची वर्षं कणकवलीच्या बाजूला. आमच्याकडे लायबिलिटीबद्दल कोणी विचारतच नसे. बोलेरो, म्हैस आणि काजूचं गोडाऊन, यातच दिवस मावळायचा. त्यामुळे तुमच्या एजंटाला फार बोल लावू नका. त्याने हा फॉर्म उभ्या जन्मात पाहिला नसेल.

देवबागकारांनी म्हटलंय तिथूनच सुरू करतो. पब्लिक लायबिलिटी म्हणजे तुमच्या जागेमुळे किंवा जागेतल्या वावरामुळे तिऱ्हाईताला इजा झाली, त्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर. मसाज झाल्यावर तेलकट पायांनी बाई कोब्यावर घसरली, तुमच्या समईने तिची ओढणी पेटली, हे त्यात. प्रोफेशनल लायबिलिटी, म्हणजे आपल्याकडच्या पॉलिसीवर छापलेलं असतं ते प्रोफेशनल इन्डेम्निटी, ही तुमच्या कामातल्या किंवा सल्ल्यातल्या हलगर्जीपणाबद्दल. तापलेला दगड न तपासता पाठीवर ठेवला, हे त्यात. दोन्हींत पैसे तुम्हाला नाही, समोरच्याला मिळतात. कायद्याने तुमच्यावर जी भरपाई बसते ती, आणि कंपनीला विचारून केलेला वकिलाचा खर्च. हा खर्च बहुतेक पॉलिस्यांत २५ लाखांच्या आतच धरलेला असतो, वर वेगळा मिळत नाही.

एक सावधगिरी. पब्लिक लायबिलिटी म्हटलं की एखादा नवखा कारकून १९९१ च्या कायद्याखालची सक्तीची पॉलिसी काढून हातात देतो. तो कायदा भोपाळच्या वायुगळतीनंतर आला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. तुम्हाला हवी ती बिगर-औद्योगिक जोखमीची, म्हणजे हॉटेल, शाळा, ऑफिस यांना देतात ती.

आता मुख्य अडचण. इन्डेम्निटीचे तयार फॉर्म व्यवसायवार असतात आणि डॉक्टरच्या फॉर्ममध्ये नोंदणी क्रमांकाचा रकाना असतो. रेकीला आपल्याकडे परिषद नाही, नोंदणी नाही, आयुषच्या पद्धतींमध्येही ती येत नाही. आपल्या राज्यात अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र कायदा आहे, फिजिओथेरपी २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहे, रेकी कशातच नाही. त्यामुळे काउंटरवर पैसे टाकले आणि पॉलिसी घेऊन आलो, असं होणार नाही. कोणी म्हणेल, "मॅडम, पॅरामेडिकलमध्ये बसवून देतो." बसवू देऊ नका. विम्याचा करार सगळा खरेपणावर उभा असतो. प्रीमियम घेताना कोणी खोदून विचारत नाही, दावा आला की तो तपासायला आलेला सर्वेअर पहिला तो फॉर्म बाहेर काढतो आणि व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवतो. तिथे एक आणि प्रत्यक्षात दुसरं निघालं, की भरलेले सगळे हप्ते पाण्यात.

मग करायचं काय? एजंट कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर ग्राहकाचा. लायबिलिटीचं काम करणारा परवानाधारक ब्रोकर गाठा, पणजी किंवा कोल्हापूरला चौकशी करा. त्याला एका पानावर लिहून द्या: मी काय काय करते, कुठे करते, वर्षाला साधारण किती बायका येतात, उलाढाल किती, शिक्षण कुठलं. रेकी, तेलमसाज, अरोमा, हॉट स्टोन, एकेक नाव स्वतंत्र. नुसतं 'वेलनेस' लिहू नका. ते कागद वर अंडररायटरकडे, म्हणजे कंपनीत जोखीम तोलून दर ठरवणाऱ्याकडे जातात आणि तो स्पा किंवा वेलनेस सेवा म्हणून दर काढून देतो, किंवा नाही म्हणतो. जे नाव पॉलिसीत येईल तेवढंच झाकलं गेलं असं समजा. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी वेगळा. आणि पैसे कंपनीला पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी. "सोमवारी चेक कंपनीत भरतो, शनिवारचं काम उरकून घ्या" असं कोणी म्हणालं तर हसा आणि घरी बसा.

हातात पॉलिसी आली की दोन गोष्टी चष्मा लावून वाचा. २५ लाख हे एका घटनेला आहेत की अख्ख्या वर्षाला? फॉर्मवर १:१, १:२ असं गुणोत्तर असतं, आधी एका घटनेची मर्यादा, मग वर्षाची. १:१ असेल तर एका दाव्यात वर्षाची सगळी शिदोरी संपली. दुसरं, या पॉलिस्या 'क्लेम्स मेड' असतात. म्हणजे मसाज मे महिन्यात झाला आणि नोटीस दिवाळीत आली, तर पॉलिसी दिवाळीत चालू असायला हवी. वर मसाजची तारीख पॉलिसीवर छापलेल्या रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेच्या, म्हणजे जिथपासूनचं मागचं काम धरतात त्या तारखेच्या, नंतरची हवी. आपल्याकडे पावसाळ्यात सिझन संपला की बोट वर काढतात, वीज मीटरसुद्धा बंद करून ठेवतात. इथे तो हिशोब कामाचा नाही. चार महिने खंड पडला की ती मागची तारीख गेली, आणि मे महिन्यातली ती बाई तुमच्या डोक्यावर तशीच राहिली. ग्राहक आयोगात जायला तिला दोन वर्षं असतात.

बाकी वगळलेल्या गोष्टी मोठ्या आहेत: मुद्दाम केलेलं, फौजदारी, दंड, नशेत केलेलं, लैंगिक गैरवर्तनाचे आरोप, आणि "हमखास बरं करते" असं वचन देऊन ओढवून घेतलेलं. शेवटचं फार महत्त्वाचं. तुमची शिक्षिका आठवा.

---

तर्कट

मुळात ज्या उपचाराचा परिणामच सिद्ध नाही त्याच्या 'प्रोफेशनल' चुकीचा विमा कसला? चिंता आणि नैराश्यावर रेकी उपयोगी आहे की नाही हे सांगण्याइतकाही पुरावा नाही, असं २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात, स्पष्ट म्हटलंय. हात वर धरून काही होत नसेल तर इजा तरी कशी होणार? २५ लाखांचा विमा काढून हवेला संरक्षण.

---

चिपळूणची_फिजिओ

तर्कट, पुराव्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण विमा "उपचार खरा आहे" याचा नसतो, "त्या खोलीत कोणाला लागलं" याचा असतो. आणि ताई नुसती रेकी करत नाहीत, तेल आणि तापलेले दगडही आहेत. तिथे इजा होते, मी बघते.

ताई, माझ्या टेबलावर येतात त्यातलं सांगते. मधुमेही बाईच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते, दगड चटका देतोय हे तिला कळतच नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. हॉट स्टोनआधी शुगर विचारा आणि दगड आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघा. दुसरं, मुंबईहून रात्रभर बसमध्ये पाय लोंबकळत ठेवून आलेला पाहुणा, एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबली की दुखते. तिला हात लावू नका. शिरेत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. थेट डॉक्टरकडे. तिसरं खास तुमच्या रिसॉर्टसाठी: बर्गमॉट (संत्र्यासारखं एक फळ) किंवा साल थंड दाबून काढलेलं लिंबाचं इसेन्शियल ऑइल अंगाला लावून माणूस वेळागरच्या उन्हात गेला तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. समुद्रावर जाणार असाल तर हे तेल नको, एवढं आधीच सांगायचं.

हे सगळं एका पानाच्या फॉर्मवर घ्या, मराठीत, तारीख आणि सहीसकट. औषधं कोणती चालू आहेत हा रकाना हवाच, आणि खाली छापील ओळ: "डॉक्टरांनी दिलेली औषधं बंद करू नयेत." त्या शिक्षिकेच्या वेळी नसलेला कपटा तो हाच.

---

शिरोडेकरीण

विमावाला काका, फिजिओताई, तुमचे किती आभार मानू. तर्कटराव, तुम्हालाही नमस्कार, पण माझ्याकडे येणाऱ्या बाईला पाऊण तास कोणी हाक मारत नाही, त्यानेच अर्धी बरी वाटते. ते कुठल्या आढाव्यात बसतं ते तुम्ही बघा.

आणखी दोन शंका. मी वाळा घालून खोबरेल करते, त्याच्या बाटल्या घरूनच विकते, रिसॉर्टच्या काउंटरवर ठेवू का विचारतायत. आणि न्यू जर्सीतल्या एक-दोघी व्हॉट्सअ‍ॅपवरून डिस्टन्स हीलिंग, म्हणजे दुरूनच रेकी, घेतात. हे त्याच पॉलिसीत येतं का? फॉर्ममध्ये असंही विचारतात म्हणे, की दावा होऊ शकेल अशी कोणती घटना माहीत आहे का. तिथे शिक्षिकेचं लिहायचं का?

---

निवृत्त_विमावाला

शेवटचं आधी: लिहा. तारीख, काय झालं, तुम्ही काय केलं, आज प्रकृती कशी आहे, चार ओळी. कंपनी फार तर ती एक घटना बाहेर ठेवेल. लपवली तर पुढचं सगळंच बाहेर जाईल.

तेल ही वस्तू झाली, तिची प्रॉडक्ट लायबिलिटी वेगळी. त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. तो नसेल तर विम्याचं नावच काढू नका. टेबलावर वापरा, काउंटरवर नको.

न्यू जर्सीचं म्हणाल तर पॉलिसीत 'टेरिटरी आणि ज्युरिस्डिक्शन' ही ओळ शोधा, म्हणजे कुठल्या देशातलं काम आणि कुठल्या कोर्टातले दावे धरतात ते. बहुतेक ठिकाणी भारतच असतो, आणि जगभर दिली तरी अमेरिका-कॅनडा वगळतात. तिथल्या कोर्टाचा एक दावा आपल्या २५ लाखांचा नाश्ता करील. रिसॉर्टवर आलेला परदेशी पाहुणा घरी जाऊन तिथे दावा लावू शकतो, म्हणून हीच ओळ त्याच्यासाठीही वाचा.

---

लेस्टरवासी

मूळची देवगडची, सध्या लेस्टर. शनिवारी इथल्या हॉलमध्ये रेकी करते, म्हणून इकडचं सांगते.

इथे हे अगदी बाजारातून मीठ आणल्यासारखं आहे. कॉम्प्लिमेंटरी थेरपिस्टसाठी विमा देणाऱ्यांच्या याद्या असतात, त्यात रेकी, रिफ्लेक्सॉलॉजी, अरोमाथेरपी यांवर खुणा करायच्या. प्रत्येकाचं सर्टिफिकेट वेगळं लागतं. मला विचारलेला पहिला प्रश्न हाच होता की दीक्षा प्रत्यक्ष समोर बसून घेतली की ऑनलाइन. स्वतःपुरतं काम करणाऱ्याला कायद्याने सक्ती नाही, पण हॉलवाले विचारतात आणि सीएनएचसी नावाच्या ऐच्छिक नोंदवहीत नाव घालायचं तर विमा लागतोच. त्या नोंदवहीत रेकी आहे. मदतनीस ठेवली की मात्र १९६९ च्या कायद्याने एम्प्लॉयर्स लायबिलिटी सक्तीची होते.

इतकं सोपं असूनही जाहिरातीच्या बाबतीत इथे फार कडक आहे. कॅन्सर बरा करते असं पाटीवर लिहिलं तर १९३९ चा स्वतंत्र कायदाच आहे. तुझ्या रिसॉर्टच्या बुकिंगवाल्यांना आमच्याकडचा कागद बघायची सवय, म्हणून ते तुझ्याकडे तोच मागतायत. पण इथली पॉलिसी इथे राहणाऱ्यांसाठी. ऑनलाइन कोणी स्वस्तात देतो म्हणालं तर पैसे पाठवू नकोस.

---

ओरोसचा_वकील

रिसॉर्टच्या करारावर बोलतो, कारण इथे विम्यापेक्षा मोठी मेख आहे.

त्या इंग्रजी पानांत 'इन्डेम्निफाय' आणि 'होल्ड हार्मलेस' असे शब्द शोधा. सहसा मजकूर असा असतो, की पाहुण्याचं काहीही झालं तरी रिसॉर्टचा सगळा खर्च थेरपिस्ट भरून देईल. चूक कोणाचीही असो. गंमत अशी की विमा कंपनी, करार करून अंगावर घेतलेली जबाबदारी बहुतेक वेळा देत नाही. कायद्याने जी बसली असती तेवढीच देते. म्हणजे रिसॉर्टच्या ओल्या पायरीवर पाहुणा पडला, करारामुळे तुम्ही देणेकरी झालात, आणि पॉलिसी म्हणते हे आमचं नाही. तिथे "माझ्या स्वतःच्या हलगर्जीपणापुरतं" एवढे शब्द घालून मागा. देत नसतील तर माझा सल्ला, सही करू नका.

दुसरा मार्ग असा: रिसॉर्टची स्वतःची पॉलिसी असणारच. बाहेरून येणाऱ्या थेरपिस्टचं काम तिच्यात जोडून घ्या असं त्यांना सांगा, आणि कंपनीने पैसे दिल्यावर तुमच्याकडून वसूल करायला येऊ नये, म्हणजे सब्रोगेशन सोडल्याची ओळ लेखी घ्या. ही ओळ नसेल तर त्यांच्या पॉलिसीने रिसॉर्ट वाचतं, तुम्ही नाही.

संमतीपत्रावर "माझी जबाबदारी नाही" असं लिहून घेतलं म्हणजे सुटलो असं समजू नका. हलगर्जीपणा त्याने धुतला जात नाही. आणि फणस घेतला, पैसे घेतले नाहीत, म्हणून ग्राहक कायदा लागत नाही हेही धरू नका. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांबद्दल म्हटलंय, की काहींकडून पैसे घेता आणि काहींचं फुकट करता, तर फुकटवालेही ग्राहकच. तुमच्या बाबतीतही समोरचा वकील तेच वाचून दाखवील. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे पाहुणा नागपूरचा असेल तर तुम्ही नागपूरला. ५० लाखांपर्यंत मोबदल्याची प्रकरणं जिल्हा आयोगात आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्कच नाही. तक्रार करणं स्वस्त आहे एवढं लक्षात असू द्या.

पाटी आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आजच तपासा. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लकवा, लठ्ठपणा, वंध्यत्व अशी यादी आहे. त्यांतलं काही बरं करते अशी जाहिरात केली तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नावाआधी 'डॉ.' तर अजिबात नको. आणि साप-विंचू-कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र केलं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. तुम्ही करणार नाही हे माहीत आहे, पण खेडेगावात लोक रात्री-बेरात्री दार वाजवतात. गाडी काढा आणि दवाखान्यात पाठवा.

---

शिरोडेकरीण

मॅनेजरशी बोलले. त्याला त्यांच्याच पॉलिसीत काय आहे ते माहीत नव्हतं, मुंबईहून मागवून घेतली. स्पाचं काम धरलंय, पण 'पगारी कर्मचारी' असे शब्द आहेत. बाहेरच्यांना जोडून घ्यायला त्यांच्या ब्रोकरने होकार दिला, थोडा प्रीमियम वाढेल, तो रिसॉर्टच भरणार. सब्रोगेशनची ओळ मागितली तेव्हा मुंबईची मुलगी फोनवर दोन क्षण गप्प झाली आणि म्हणाली, "मॅम, तुम्हाला हे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, ओरोसच्या वकिलांनी.

इन्डेम्निटीच्या कलमात "स्वतःच्या हलगर्जीपणापुरतं" घालायला तयार आहेत. घरच्या खोलीसाठी पणजीच्या ब्रोकरला कागद पाठवलेत. शॉप अ‍ॅक्टची पावती आणि उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) मागितली. दोन्ही ऑनलाइन झाली, उद्यमला तर पैसेही लागले नाहीत. हॉट स्टोनमुळे दर वाढतोय. ते काढून टाकू का?

---

निवृत्त_विमावाला

करणारच असाल तर ठेवा आणि पैसे भरा. कागदावर काढलं तर खोलीतूनही काढा, थंडी कितीही पडो. मधलं काही चालत नाही.

---

देवबागकार

काका, आमच्याकडे मसाजवाल्यो तीन-चार जणी असत, एकेकटीक परवडूचा नाय. सगळ्यांनी मिळान एकच पॉलिसी केली तर चलात काय?

---

निवृत्त_विमावाला

चलात. बचत गट, संस्था, काहीतरी एक कायदेशीर नाव हवं आणि प्रत्येकीचं नाव, काम आणि सर्टिफिकेट यादीत हवं. फक्त एक विचारून घ्या: २५ लाख प्रत्येकीला आहेत की सगळ्यांत मिळून? मिळून असतील तर पहिलीच्या दाव्यात संपले की उरलेल्या जणी वर्षभर उघड्यावर. प्रत्येकीची मर्यादा वेगळी लिहून मागा, दर थोडा जास्त पडेल.